पत्रिकेवर कळलेलं आडनाव

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखक ३६ वर्षांचे, नाशिकला एका कारखान्यात नोकरीला. घरी बायको, सहा वर्षांची मुलगी, आई-वडील. २०२० च्या टाळेबंदीत ते मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळायला लागले. टेबलावर रोज तीच टोपणनावं दिसू लागली, चॅटवर बोलणं वाढलं आणि वर्षभरात पाच जणांचा कंपू जमला: कोल्हापूर, इंदूर, बेळगाव, नागपूर आणि हे नाशिकचे. मैत्री झाल्यावर त्यांनी एकाच टेबलावर पैसे लावून बसणं बंद केलं. वेगवेगळे खेळायचे आणि नंतर कॉलवर एकमेकांचे डाव तपासायचे. २०२२ मध्ये वडिलांना डेंग्यू झाला, तेव्हा इंदूरच्या मित्राने रात्री अडीचला आपल्या नाशिकमधल्या मावसभावाला झोपेतून उठवून प्लेटलेट द्यायला पाठवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि पैशाची टेबलं बंद झाली. कंपू मात्र अजून दर गुरुवारी रात्री नऊला कॉलवर भेटतो. "आता चौघंच असतो. नागपूरचा नोकरी सोडून पूर्ण वेळ खेळायचा, तो ऑक्टोबरपासून येत नाही. त्याला बहुतेक दुसरं काही सापडलं असेल." फेब्रुवारीत कोल्हापूरच्या मित्राचं लग्न आहे. बायको म्हणते, "जुगारातल्या ओळखी त्या, त्यांच्या लग्नाला कोण जातं?" पाच वर्षांत खेळात साधारण एक लाख चाळीस हजार रुपये गेले, हे तिला माहीत नाही. बेळगावच्या मित्राने परदेशी साइटवर पुन्हा खेळायचं सुचवलं आहे. पत्रलेखक विचारतात: ही मैत्री खरी आहे का? खेळ संपल्यावरही तिला धरून बसणं हा माझा वेडेपणा तर नाही?

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी थांबले. लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली तेव्हा मित्राचं आडनाव तुम्हाला पहिल्यांदा कळलं, असं तुम्ही लिहिलंय. पुढे लिहिता, "ज्याचं आडनाव माहीत नाही तो मित्र कसला, असं बायकोने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही." त्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या आईकडून मिळालेलं आहे. तेच आधी सांगते.

माझे वडील सत्तावीस वर्षं डोंबिवलीहून सव्वाआठच्या गाडीने व्हीटीला जायचे. ठरलेला डबा, ठरलेली जागा, ठरलेले चौघं. एकाच्या मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवायची आणि तिच्यावर मेंढीकोट. हरणाऱ्या जोडीने व्हीटीला उतरल्यावर चहा पाजायचा, एवढीच बोली. ती ब्रीफकेस आमच्या घरची होती, तपकिरी रेक्झिनची. पत्ते आपटून आपटून तिच्या मधोमध तळहाताएवढा भाग पांढुरका पडला होता. आई त्या तिघांना 'पत्तेवाले' म्हणायची, आणि तिच्या आवाजात त्या शब्दाला काय वजन होतं ते तुम्हाला सांगायला नको. इतक्या वर्षांत एकालाही तिने घरी चहाला बोलावलं नव्हतं.

बाबांना हार्ट ॲटॅक आला आणि अकरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. भाऊ लहान होता, काका गावी. पहिल्या संध्याकाळपासून ते तिघं पाळीने रात्री थांबले. ऑफिस सुटलं की परस्पर यायचे, सकाळी तिथूनच गाडी पकडायचे. चौथ्या रात्री वॉर्डातल्या बाईंनी वही पुढे केली: रात्री थांबणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पेशंटशी नातं. आईला आडनाव सांगता येईना. ती म्हणाली, "ह्यांच्या गाडीतले आहेत." बाईंनी तेच लिहून घेतलं. त्या दिवाळीत आईने फराळाचे तीन डबे जास्त भरले आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर आडनावं होती.

म्हणून सांगते, आडनाव उशिरा कळण्यात काही खोट नाही. आपल्याकडे ओळख गाव, घराणं, आडनाव अशा क्रमाने होते आणि माणूस कळतो सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे हा क्रम उलटा झाला. हा मुलगा चिडल्यावर काय करतो, हरल्यावर कसा बोलतो, कोणाची चूक कशी सांगतो, हे तुम्हाला आधी कळलं आणि आडनाव पाच वर्षांनी पत्रिकेवर कळलं.

पोकर मला येत नाही. तुमच्या पत्रासाठी भाच्याकडून समजून घेतलं. दोन पत्ते आपल्या हातात, पाच मधे सगळ्यांसाठी उघडे. हातात पहिलेच दोन एक्के येणं सरासरी २२१ डावांत एकदा. आणि ते एक्के धरून समोरच्याच्या दोन राजांवर सगळं पणाला लावलं, तरी साधारण साडेपाच वेळांत एकदा आपणच हरतो. काहीही चुकलेलं नसताना हरतो. भाचा म्हणाला, "मावशी, खरा माणूस तिथे दिसतो." कोणी समोरच्याला शिव्या घालतो, कोणी टिल्ट होऊन, म्हणजे हरल्याच्या रागात डोकं फिरून, पुढच्या तासाभरात होतं नव्हतं ते घालवतो, आणि एखादा 'नाइस हँड' लिहून पुढचे पत्ते उचलतो. ऑफिसातल्या माणसांना आपण असं हरताना कितीदा पाहतो? सख्ख्या चुलतभावाला तरी पाहिलेलं असतं का? तुम्ही पाच जणांनी एकमेकांना शेकडो वेळा पाहिलंय.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली, तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. मैत्री झाल्यावर तुम्ही एकाच टेबलावर पैसे लावून बसणं थांबवलंत. मित्र समोर असला की हात सैल पडतो, त्याला वाचवण्यासाठी आपण हलकं खेळतो, आणि त्यात टेबलावरच्या तिसऱ्या, अनोळखी माणसाची फसवणूक होते. पाचही जणांना हे पटलं आणि पाचही जणांनी ते पाळलं. बायकोने 'जुगारातल्या ओळखी' म्हटलं तेव्हा तुम्हाला उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, ही गोष्ट तिला कोणी सांगितलेलीच नाही.

"हे सगळं फोनवरचं" असं तुमच्या आई म्हणतात. त्यावरही थोडं. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल या प्राध्यापकांनी मैत्री व्हायला किती सहवास लागतो याचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा ढोबळ हिशेब असा: नुसत्या ओळखीचं रूपांतर हलक्याफुलक्या दोस्तीत व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतकी जवळीक यायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यातही कामाच्या निमित्ताने एकत्र काढलेले तास तितके उपयोगी पडत नाहीत, आपणहून एकमेकांसाठी काढलेले पडतात. खेळ चालू होता तेव्हाचे तुम्ही आठवड्याला तीन संध्याकाळ दोन-दोन तास म्हणता. वर्षाचे तीनशे तास झाले. माझ्या बिल्डिंगमध्ये वीस वर्षं शेजारी राहून एकमेकांना तीस तास न दिलेली माणसं आहेत.

तेव्हा मैत्री खरी आहे. याबद्दल मला शंका नाही.

माझी शंका वेगळीच आहे. बायकोचा विरोध मित्रांना आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तिला एक लाख चाळीस हजारांचं माहीत नाही हे खरं. पण रात्री दार लोटून घेतलेल्या कॉलचं, उलटा ठेवलेल्या मोबाइलचं, 'काही नाही, असंच' या उत्तराचं तिला पाच वर्षं माहीत आहे. काहीतरी झाकलेलं आहे हे तिला कळतंय, काय ते कळत नाहीये. मग जे समोर दिसतं त्यावर ती बोट ठेवते, आणि समोर दिसतात मित्र. पैशाची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत म्हणून मित्र बदनाम झाले. हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि तिच्यावर त्याहून मोठा.

सांगा. लग्नाच्या आधी सांगा, आणि मुलगी झोपल्यावर, घाई नसलेल्या वेळी. आधी बँकेची स्टेटमेंट काढून वर्षवार बेरीज करा. गेलेला पैसा आपल्या आठवणीत नेहमी कमी असतो, त्यामुळे आकडा कदाचित वाढेल. महिन्याला सरासरी २,३०० रुपये पडतात, पण ही सरासरी तुम्ही सांगू नका. लहान वाटावं म्हणून केलेला भागाकार समोरच्याला लगेच ओळखू येतो. पूर्ण आकडा सांगा. 'नशीब वाईट होतं' असंही म्हणू नका. प्रत्येक डावातून खेळ चालवणारा आपला रेक, म्हणजे आपला वाटा, कापून घेतो, १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटीही लागू झाला होता. एवढं वजा होत असताना बहुतेक खेळणारे वजाबाकीतच राहणार, हे तुम्हाला कळत होतं आणि तरी तुम्ही खेळलात. हे तिला तुमच्याच तोंडून ऐकू द्या. ती चिडेल. कदाचित आठवडाभर बोलणार नाही. त्या आठवड्यात मित्रांच्या चांगुलपणाची वकिली करू नका, आणि इंदूरच्या मित्राचा उपकार तर या हिशेबात अजिबात आणू नका. तो पैसा भरून काढायला वापरायची गोष्ट नाही.

परदेशी साइटचं विचारलंय, त्याचं उत्तर एका शब्दात: नको. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेत मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि बेळगावचे तुमचे मित्र बहुतेक त्याच आधारावर बोलत असतील. पण अशा साइटवर पैसे भरायचे म्हणजे कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खात्यात टाकायचे. त्या खात्याची चौकशी लागली तर तुमचंही खातं गोठू शकतं, जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बायकोला आत्ताच सगळं सांगून पुन्हा तिथेच गेलात, तर दुसऱ्यांदा सांगायची संधी मिळणार नाही. बेळगावच्या मित्राला हे गुरुवारी सगळ्यांसमोर शांतपणे सांगा. "मी खेळणार नाही, तूही खेळू नकोस असं मला वाटतं, पण गुरुवारी मी इथे असणार." शेवटचं वाक्य गाळू नका.

पैसे न लावता खेळायला कायद्याची आडकाठी नाही. पण खेळलंच पाहिजे असंही नाही. खेळ बंद होऊन इतके महिने झाले आणि तुम्ही गुरुवारी भेटताच आहात. काय बोलता हो तुम्ही नऊ वाजता? पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात: इंदूरच्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बेळगावच्याने गच्चीवर लावलेली मिरची, तुमच्या मुलीला पडलेला पुढचा दात. यात एकही पत्ता नाही.

आता लग्न. जा. रात्रभराचा प्रवास आहे, सुट्टी आत्ताच टाका. बायकोला चला म्हणा, आग्रह करू नका. ती आली तर पहिल्या भेटीत तुमच्या डावांच्या गोष्टी काढू नका. ज्या भाषेत तिला बाहेर ठेवलं गेलं, त्याच भाषेत चौघं हसत बसलात तर ती पुन्हा बाहेरच राहील. मित्राला टोपणनावाने हाक मारायची सवय आहे, त्याच्या घरच्यांसमोर पत्रिकेवरच्या नावाने मारा. आणि लग्नघर म्हटलं की रात्री कुठे ना कुठे पत्ते निघतातच. निघाले तर झब्बू खेळा, मुलीला मांडीवर घेऊन, बायकोला शेजारी बसवून. तिथून गोवा जवळ आहे म्हणून मांडवीतल्या कॅसिनोचा बेत कोणी काढला, तर तुम्ही नाशिकची बस धरा. तो खेळ तिथे कायदेशीर आहे, पण पाच वर्षांनी पहिल्यांदा समोरासमोर भेटलेल्या माणसांनी पहिलीच रात्र पैसे लावून काढावी, हे मला बरोबर वाटत नाही.

ज्यांची मैत्री अशीच पडद्यावर जमली आहे, मग ती पोकरची असो, बुद्धिबळाची असो की रात्रपाळीतल्या एखाद्या ग्रुपची, त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. एकमेकांची खरी नावं, गाव आणि घरातल्या एकाचा तरी फोन नंबर लिहून ठेवा. मोबाइल बंद पडला की टोपणनावाच्या माणसाला शोधायला रस्ता उरत नाही. उसनवारीचा नियम आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर, खेळासाठी कोणी कोणाला एक रुपया द्यायचा नाही; आजारपणासाठी द्यायचा तो परत येणार नाही असं धरून, झेपेल तेवढाच. कधीच न भेटलेल्या माणसावर विश्वास ठेवताना सावध राहावं हेही खरंच. जो फक्त पैशाच्या वेळी आठवण काढतो, व्हिडिओवर यायला नेहमी कारण सांगतो, त्याच्याशी गप्पा माराव्यात, व्यवहार करू नये. आणि घरच्यांना त्यांची नावं ऐकू येऊ द्या. जेवताना सहज, 'बेळगावच्याच्या मिरच्यांना कीड लागली' असं. माझ्या बाबांनी सत्तावीस वर्षांत एवढं केलं असतं, तर त्या रात्री आईला वहीपुढे गप्प उभं राहावं लागलं नसतं.

तुम्ही आभाराचंही विचारलंत. "आमच्यात थँक्यू वगैरे नसतं" असं लिहिलंय. आपल्याकडच्या पुरुषांना हे फार अवघड जातं, माहीत आहे मला. आपल्यात कसले आभार, असं म्हणून आयुष्यभर आतल्या आत ठेवतात आणि मग कोणाच्या तरी तेराव्याला बोलतात. इंदूरच्या मित्राला फोन करा आणि त्या रात्रीचं नेमकं सांगा. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या होत्या, तुम्ही कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर बसला होतात, यादीतले सगळे नंबर लावून झाले होते, आणि पहाटे चारला एक अनोळखी मुलगा हेल्मेट हातात घेऊन आला आणि म्हणाला, "दादाने पाठवलंय." हे तुम्ही मला लिहिलंत. त्याला कधी सांगितलंय का? नुसतं थँक्यू त्याच्या लक्षात राहणार नाही. तुमचे वडील आज सकाळी गोदाकाठी फिरायला गेले होते, हे राहील. त्यांचा एक फोटोही पाठवा. आणि तो मावसभाऊ नाशिकमध्येच राहतो ना? हाताला मशीनची नळी लावून तासाहून जास्त पडून होता तो, तुमच्या वडिलांसाठी. त्याला घरी जेवायला बोलवा. बायको त्याच्या ताटात काय वाढते ते बघा.

राहता राहिला नागपूरचा मित्र. तुमच्या पत्रात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं आली आहेत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. "दुसरं काही सापडलं असेल" हे कशावरून? तुम्हा चौघांसाठी ऑगस्टमध्ये एक छंद बंद झाला, पण तो नोकरी सोडून खेळत होता. त्याची मिळकत एका आठवड्यात थांबली. घरी काय सांगितलं असेल त्याने? कर्ज असेल का? तुमच्या गुरुवारच्या गप्पांत दात पडल्याच्या गोष्टी ऐकताना त्याला आपलं सांगायची लाज वाटली असेल का? यातलं काही नसेलही, देव करो आणि नसो. पण ऑक्टोबरपासून चौघांपैकी एकानेही विचारलेलं नाही, ही तुमच्या मैत्रीतली चूक आहे, आणि ती अजून दुरुस्त होण्यासारखी आहे.

मेसेज टाकू नका, फोन करा. पैशाचं पहिल्या वाक्यात काढू नका. 'तू नसलास की गुरुवार लागत नाही' एवढंच म्हणा आणि मग गप्प बसा, त्याला वेळ द्या. तो उडवून लावेल, तर दोन दिवसांनी पुन्हा करा. जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलला, तर फोन ठेवू नका. बोलत राहा, दुसऱ्या फोनवरून बाकीच्यांपैकी कोणाला तरी त्याच्या घरच्यांपर्यंत पोचायला सांगा, आणि त्याला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या: १४४१६. चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलतात. तो स्वतः लावणार नसेल तर तुम्ही लावा आणि त्याच्यासाठी काय करता येईल ते विचारा.

त्याचा नंबर तुमच्याकडे नसेल तर कोल्हापूरच्या मित्राकडे असेल. पत्रिका त्यालाही गेली असणारच. ती उघडली गेली का, तेवढं आधी विचारून घ्या. आणि गुरुवारपर्यंत थांबू नका, आज रात्रीच फोन करा.